लुना, एम-एटी आणि कमी पैशातलं 'अपग्रेड'

गेल्या दोन आठवड्यांत आपल्या नाक्यावर मॉडिफाय केलेल्या दुचाकींवर कारवाई झाली. फटाके फोडणारे सायलेन्सर काढून घेतले, त्याबद्दल कुणाची तक्रार नसावी. माझी तर नाहीच. पण त्याच रांगेत दुधाचे कॅन अडकवायला लोखंडी सांगाडा लावलेली एक एक्सएल उभी होती, आणि मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेली एक स्कूटीही होती. तिच्या मालकाच्या एका पायात ताकद नाही. तिघांनाही एकच वाक्य ऐकवलं गेलं, "गाडीत बदल केलाय."

दुसरीकडे रोज दोन-चार पोरं विचारतात, "दादा, मिनी बाईकला पाच हजारात काय बसवू?" मिनी बाईक म्हणजे घरात पडलेली बाबांची एक्सएल नाहीतर आजोबांची एम-एटी. पोरं ती बाहेर काढून रंगवतात, हँडल बदलतात, मग पैसे संपतात.

नाक्यावरची रांग आणि पोरांचा प्रश्न, दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. लहान गाडीत थोड्या पैशात कोणता बदल करावा? आपल्या भागात या प्रश्नाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि तो माहीत नसल्यामुळेच दूधवाल्याला आणि फटाकेवाल्याला एका रांगेत उभं केलं जातं असं मला वाटतं. म्हणून आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

मिनी बाईक हा शब्द आपल्याकडे रील्समधून आला. अमेरिकेत साठच्या दशकात गवत कापायच्या मशिनचं इंजिन छोट्या फ्रेमवर बसवून पोरं मागच्या अंगणात फिरायची. जपानात १९६१ साली होंडाने टामा टेक नावाच्या करमणूक उद्यानासाठी एक बुटकी गाडी केली, तिच्यातूनच पुढे त्यांची 'मंकी' आली. तिकडे या गाड्यांचा जन्मच खेळण्यासाठी झाला. आपल्याकडे मात्र लहान गाडी आली ती थेट पोटापाण्याला जुंपली गेली.

१९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडच्या परवान्यावर बेतलेली, ५० सीसीची, पायडल असलेली. किंमत दोन हजार रुपयांच्या आसपास. कारखाना आपल्याच जिल्ह्यात, नगर-दौंड रस्त्यावर. त्याच वर्षी बजाजची चेतक आली, पण चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागायची. काही घरांत लग्न ठरलं की स्कूटर बुक करायचे आणि ती येईपर्यंत पोरं शाळेत जायला लागायची. ज्याला एवढी वाट बघणं परवडत नव्हतं, ज्याच्याकडे तेवढे पैसेही नव्हते, त्याच्यासाठी लुना होती. पुढच्याच वर्षी, १९७३च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल आवळलं, पेट्रोल भडकलं, आणि थेंबाथेंबावर चालणाऱ्या या गाडीचं नशीब उघडलं.

लुना कंपनीतून यायची तेव्हा ती म्हणजे जवळजवळ इंजिन लावलेली सायकल. ती आपल्या उपयोगाची झाली गल्लीतल्या वेल्डिंगच्या दुकानात. पहिलं काम कॅरिअरचं. कंपनीच्या कॅरिअरवर डबा आणि पिशवी मावायची. आपल्या माणसाला त्यावर खताची गोणी टाकायची होती. मग अर्ध्या इंचाचा पाईप वाकवून मोठं कॅरिअर, त्याला खाली चेसीपर्यंत दोन आधार. त्यानंतर मागची स्प्रिंग कडक करून घ्यायची, कारण गोणी टाकली की मडगार्ड चाकाला घासायचं. त्यानंतर जाड स्पोक. खड्ड्यात वजनासकट आपटलं की आधी स्पोक तुटायचे, मग रिम वाकायची. हे सगळं एकदम कुणी करत नसे. दिवाळीला कॅरिअर, पोळ्याला स्प्रिंग, पुढच्या उन्हाळ्यात स्पोक. आज ज्याला 'बजेट अपग्रेड' म्हणतात ते हेच.

पायडलचं काम निराळंच. गाडी स्टँडवर लावायची, पायडल मारून चालू करायची आणि चढ आला की इंजिनाला पायाने मदत करायची. पेट्रोल संपलं तरी घरी येता यायचं. हे काम बायकांना त्रासाचं होतं, तरी लुनेवर बसणाऱ्यांत शिक्षिका, नर्सबाई आणि पोस्टात-बँकेत नोकरीला लागलेल्या ताया मोठ्या संख्येने होत्या. गिअर नाही, गाडी हलकी, मधे टाकी आडवी येत नाही, त्यामुळे साडी नेसून बसता येतं. त्या काळात तालुक्याच्या गावात एकट्या बाईने गाडीवरून जाणं हीच मोठी गोष्ट होती. ऐंशीच्या दशकातली 'चल मेरी लूना' ही जाहिरात सगळ्यांना आठवते, ती पीयूष पांडे यांच्या सुरुवातीच्या गाजलेल्या कामांपैकी. पण माझ्या मते लुनेची खरी जाहिरात या बायकांनी केली.

याच काळातलं साडी-गार्ड बघा. मागच्या चाकाच्या बाजूला लावलेली साधी जाळी. पदर चाकात जाऊन होणारे अपघात तिने किती टाळले असतील! १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकणारं संरक्षण हवं, असं तो सांगतो. म्हणजे ही जाळी हौसेची वस्तू नाही, ती कायद्याने सक्तीची आहे. आज पोरं मिनी बाईक 'क्लीन' दिसावी म्हणून सगळ्यात आधी काय काढतात? तीच जाळी.

१९८० साली होसूरच्या कारखान्यातून टीव्हीएस ५० आली, दोन माणसांसाठी बनवलेली पहिली भारतीय मोपेड. १९८१ला बजाजची एम-५० आणि १९८६ला एम-८०, म्हणजे आपली एम-एटी. एम-एटीला हातातले गिअर होते, दणकट बांधा होता, आवाज असा की दूधवाला दोन गल्ल्या आधी कळायचा. केरळात तर लायसन्सच्या चाचणीला ही गाडी २०२४ पर्यंत वापरात होती, कंपनीने ती बनवणं बंद करून कितीतरी वर्षं झाली होती तरी.

आपल्याकडे तिचा संसार दुधाशी. १९७०ला ऑपरेशन फ्लड सुरू झालं, नंतर गावोगाव डेअऱ्या आल्या, आणि वस्तीवरून डेअरीपर्यंत दूध वेळेत पोचवणं हा रोजचा प्रश्न झाला. सायकलवर दोन कॅन घेऊन सात-आठ किलोमीटर येणारा माणूस उन्हाळ्यात हमखास नासलेल्या दुधाचा तोटा सोसायचा. एम-एटीने तो अर्ध्या तासाच्या आत आणला. हिशोब करा. चाळीस लिटरचे दोन कॅन म्हणजे नुसतं दूधच ब्याऐंशी किलोच्या आसपास. वर कॅनचं वजन, वर माणूस. दीडशे किलो सहज. २०२४च्या फेब्रुवारीत कायनेटिक ग्रीनने ई-लुना आणली तेव्हा दीडशे किलो वजन नेण्याची क्षमता हे तिचं मोठं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं गेलं. आपले दूधवाले हे वजन चाळीस वर्षांपूर्वीपासून नेत होते, गल्लीतल्या वेल्डरच्या भरवशावर.

तो सांगाडा ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना त्यातली अक्कल कळेल. कॅन दोन्ही बाजूंना आणि होईल तितके खाली, म्हणजे वजन जमिनीजवळ राहतं आणि गाडी डुलत नाही. सांगाड्याचा भार कॅरिअरवर न टाकता थेट चेसीवर. कॅनचा तळ पायाला लागणार नाही इतका मागे, पण मागच्या चाकाच्या आसाच्या फार मागेही नाही, नाहीतर पुढचं चाक हलकं होऊन हँडल हातात राहत नाही. हे गणित कुठल्या पुस्तकात नव्हतं. पहिल्या सांगाड्यावर दूध सांडलं, दुसऱ्यावर कमी सांडलं, तिसरा बरोबर बसला.

आता इंजिनाकडे येऊ. जुन्या मोपेड टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळून चालणाऱ्या. ऑईल जळून सायलेन्सरमध्ये काजळी साचायची आणि गाडी दम टाकायची. त्यावर फुकटातला इलाज म्हणजे सायलेन्सर खोलायचा, आतली नळी भट्टीत जाळून काढायची, ठोकून काजळी पाडायची, की गाडी पुन्हा नवी. काही जण मात्र आळस करून आतली नळीच कायमची काढून टाकायचे. आवाज मोठा व्हायचा आणि चालवणाऱ्याला वाटायचं, ताकद वाढली. प्रत्यक्षात टू-स्ट्रोकला सायलेन्सरमधल्या दाबाची गरज असते, तो बिघडला की ताजं मिश्रण न जळताच बाहेर जातं आणि पेट्रोल जास्त खातं. आजच्या फटाका सायलेन्सरचे आजोबा हेच. फरक इतकाच की तेव्हा लोक चार आण्याची मेहनत वाचवायला आवाज सहन करायचे, आता आवाजासाठी तीन-चार हजार मोजतात.

दिव्याचीही तीच कथा. जुन्या मोपेडचा दिवा इंजिनावरच चालायचा. रेस दिली की उजेड, सोडली की काजवा. त्यावर उपाय म्हणून लोक मोठा बल्ब घालायचे आणि उजेड आणखी कमी व्हायचा, कारण आतली चुंबकं देतील तेवढीच वीज. शहाणे मेस्त्री सांगायचे, बल्ब नको बदलू, आतला पत्रा चमकव आणि वायरची जोडणी घासून घे. वीस मिनिटांचं काम.

पण या सगळ्या इतिहासातला मला सर्वात मोलाचा वाटणारा बदल वेगळाच आहे. बाजूच्या चाकांचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पोलिओ झालेली मुलं नव्वदच्या दशकात तरुण झाली. आठवा, एसटीडीचे पिवळे बूथ. अपंग व्यक्तींना ते प्राधान्याने मिळायचे. पण बूथपर्यंत जायचं कसं? तीनचाकी हातसायकल होती, पण चढावर दम निघायचा. मग कुणीतरी लुनेला मागे दोन्ही बाजूंनी छोटी चाकं लावली. तोल सांभाळायची गरज संपली. गाडीला गिअर नाही, त्यामुळे पायाचं कामच नाही. मागचा ब्रेक हातात. कुबड्या अडकवायला बाजूला एक हूक. एवढ्या बदलात माणूस घराबाहेर पडला, बूथ उघडायला लागला, बाजार करायला लागला, लग्नं झाली. या चाकांची एक खोडही सांगायला हवी, वळणावर गाडी कलत नाही, त्यामुळे वेगात वळवली तर उलटते. वापरणाऱ्यांना ती ठाऊक असते, ते सावकाश वळतात.

आणि कायदा काय म्हणत होता? १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाची व्याख्या होती, पण ती त्यांच्यासाठी खास बनवलेल्या वाहनाची. नुसत्या फेरबदल केलेल्या वाहनाला त्या व्याख्येतून शब्द वापरून वगळलं होतं. म्हणजे बाजूची चाकं लावलेली लुना त्या व्याख्येत बसत नव्हती. खास बनवलेलं वाहन घ्यायला पैसे नाहीत म्हणून तर चाकं लावली होती! ही व्याख्या बदलली २०१९च्या दुरुस्तीत. आता फेरबदल केलेलं वाहनही त्यात येतं, फक्त ते बदल कलम ५२ मधल्या तरतुदीप्रमाणे केलेले असावे लागतात. तीस वर्षं लागली. तोपर्यंत या गाड्या पोलिसांच्या माणुसकीवर रस्त्यावर होत्या.

त्याच २०१९ सालात दुसरी बाजूही घट्ट झाली. ९ जानेवारी २०१९ला केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेच्या विरुद्ध बदल मालकाला करता येणार नाही. आणि दुरुस्तीतल्या नव्या कलम १८२ अ प्रमाणे बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाज-प्रदूषणाचं कलम १९० वेगळं, त्यात पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स जप्त होऊ शकतं. शिवाय गाडी अठरा वर्षांखालच्या पोराच्या हातात सापडली तर पालकावर पंचवीस हजारांचा दंड आहेच.

एक लक्षात घ्या. कायदा लहान माणसाच्या गरजेला मार्ग देतच नाही असं नाही. २०२०च्या जुलैमध्ये दुचाकीवर लावायच्या हलक्या पेटीचं माप ठरवून दिलं गेलं. लांबी ५५० मिलिमीटर, रुंदी ५१०, उंची ५००. पेटी मागच्या सीटच्या जागी असेल तर चालवणारा एकटाच, सीटच्या मागे असेल तर दोघे चालतात. शहरातल्या घरपोच सेवेच्या पोरांसाठी माप ठरू शकतं, तर दुधाच्या कॅनच्या सांगाड्यासाठी का ठरू नये? एकूण वजन किती, सांगाडा हँडलपेक्षा किती बाहेर, मागे रिफ्लेक्टर कुठे, एवढं लिहून द्या. आपले वेल्डर त्याच मापात बनवून देतील. राज्याच्या परिवहन खात्याने केंद्राकडे हा विषय न्यावा आणि आपल्या आमदार-खासदारांनी तो लावून धरावा, अशी माझी उघड मागणी आहे. (उसाच्या ट्रॉल्या रात्री रिफ्लेक्टरविना फिरतात त्यावर कधी बोलणार, हेही जाता जाता विचारून ठेवतो. गळीत हंगाम दूर नाही.)

बाजूची चाकं लावलेल्यांसाठी कामाची माहिती: कायद्यात परवानगी असलेला बदल केल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवून आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते. ज्यांनी वर्षानुवर्षं केली नसेल त्यांनी अपंगत्वाच्या दाखल्यासह एकदा जाऊन विचारा. नोंद असेल तर नाक्यावर वाद होत नाही.

आता पोरांनो, तुमच्या पाच हजारांचं.

पहिले तीनशे रुपये ब्रेक शूवर घाला. बाबांच्या एक्सएलचे ब्रेक शू शेवटचे कधी बदलले ते बाबांनाही आठवत नसेल. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, ड्रम ब्रेक म्हातारे असतील तर त्याहून जास्त. ड्रम आतून घासून घ्या, केबल नवी टाका. मग टायर. हजार-बाराशेत चांगला टायर येतो. रबर कडक होऊन बारीक भेगा पडलेला टायर वरून जाडजूड दिसला तरी पावसात साबणासारखा घसरतो. मग चेन आणि दोन्ही चक्रं एकत्र. नुसती चेन बदलली तर जुने दाते नवी चेन चार महिन्यांत खातात.

ओढ कमी वाटते? पुढचं चक्र एका दाताने लहान मिळतं का बघा. समजा पुढे चौदा आणि मागे चाळीस दाते आहेत, तर पुढे तेरा केल्यावर ओढ सात-आठ टक्क्यांनी वाढते आणि तेवढाच वरचा वेग कमी होतो. चढाच्या गावात हा बदल सोन्यासारखा. पण वजन न्यायचं नसेल आणि रस्ता सपाट असेल तर करू नका, इंजिन उगाच ओरडत राहील.

एअर फिल्टर काढून टाकणं, सायलेन्सर मोकळा करणं, याने आजच्या गाडीत काही साधत नाही. २०२०च्या बीएस-६ नियमांनंतर एक्सएललाही फ्युएल इंजेक्शन आलंय. हवा-पेट्रोलचं प्रमाण आतला मेंदू ठरवतो, तुम्ही नळी बदलली की तो गोंधळतो. आणि पांढरे एलईडी लावून समोरच्याला आंधळं करू नका. दहा-वीस रुपयांचा रिफ्लेक्टर मागे चिकटवा.

बॅटरीच्या गाड्यांचं अजून एक. पंचवीसच्या वेगाची, अडीचशे वॉटची गाडी घ्यायची, कारण तिला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, आणि मग तिचं कुलूप तोडून पन्नासने पळवायची, हा नवा उद्योग आहे. २०२२च्या मे महिन्यात राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा गाड्या तपासण्याचे आदेश दिले होते. त्याच उन्हाळ्यात देशभर बॅटऱ्या पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचे निकष कडक झाले. कुठलीतरी स्वस्त जादा बॅटरी आणून सीटखाली बांधणं म्हणजे हे सगळे निकष रद्द करून त्यावर बसणं. लुनेत चूक झाली तर गाडी बंद पडायची. इथे ती पेटते, आणि बहुतेक वेळा रात्री, घरात चार्जिंगला लावलेली असताना.

पाच हजारांतले उरले ते रंगाला घाला. रंगाला माझा विरोध नाही, फक्त आरसी बुकावरचा रंग बदलत असेल तर त्याचीही नोंद करून घ्या.

आणि एक विनंती. कुणाच्या घरी बाजूची चाकं लावलेली लुना असेल, किंवा पहिल्या काळातल्या दुधाच्या सांगाड्याचा फोटो असेल, तर मला पाठवा. आरटीओला निवेदन द्यायचं ठरतंय, त्याला जोडायला हवेत. गाडीचं साल माहीत असेल तर तेही लिहा, आणि सांगाडा कोणत्या वेल्डरने बनवला ते आठवत असेल तर त्यांना विचारून मगच त्यांचं नाव द्या.